हिरड्यांचे दुखणे : माळव्याच्या खेड्यांतील एक दुर्लक्षित व्याधी



आपल्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, हिशेबाच्या नव्या रीती अशा विषयांवरील अभ्यासपूर्ण लेख वाचावयाची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत दात आणि हिरड्या यांच्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाने पाने अडवावीत काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. माझ्याही मनात तो आला होता. परंतु मागील सोयाबीनच्या हंगामात आमच्या पेढीवर जो एक लहानसा प्रसंग घडला, त्यानंतर हा विषय क्षुल्लक आहे असे मला वाटेनासे झाले.

घट्टिया तहसिलीतील एक जुना शेतकरी-गिऱ्हाईक मालाचे वजन होईपर्यंत गादीवर बसला होता. त्याच्या वडिलांपासूनचा आमचा व्यवहार. रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे चहा आणि भाजलेल्या हरभऱ्यांची वाटी ठेविली. चहा त्याने घेतला. हरभरे मुठीत घेतले, क्षणभर हात तसाच राहिला, आणि मग ते दाणे त्याने हळूच वाटीत परत टाकले. कारण विचारता तो हसून म्हणाला की आता वय झाले, दाढा हलतात, सकाळी चूळ भरली की रक्त येते, भाकरीसुद्धा वरणात भिजवून खावी लागते. मी त्याचे वय विचारले. ते 42 होते.

हरभरा पिकविणारा मनुष्य ऐन उमेदीत हरभरा खाऊ शकत नाही, आणि त्याला त्यात काही वावगेही वाटत नाही! दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवगतीबद्दल सहज वापरतो. येथे ती अक्षरशः खरी झालेली पाहिली. पुढील काही आठवड्यांत मी हौसेने पेढीवर येणाऱ्या प्रौढ माणसांस, हमालांस, गाडीवानांस हाच प्रश्न विचारू लागलो. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. तथापि रक्त येते, तोंडास वास येतो, दात लांब झाल्यासारखे दिसतात, एखादा आपोआप पडला, ही उत्तरे इतक्या वेळा मिळाली की मी दंतवैद्य स्नेह्यांकडे जाऊन ग्रंथ मागून आणिले. त्या वाचनातून जे कळले ते येथे मांडीत आहे.

पहिली गोष्ट अशी की दात वयाने पडत नाहीत. ते रोगाने पडतात. वय हे निमित्त दिसते, कारण हा रोग इतका मंद आणि वेदनारहित असतो की त्यास आपले काम पुरे करण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. दातास कीड लागली तर मनुष्य रात्रभर तळमळतो आणि दुसऱ्या दिवशी वैद्याचे दार ठोठावतो. हिरड्यांचा रोग मात्र बहुधा दुखत नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर कीड हा दरोडा आहे, आणि हिरड्यांचा रोग हा गल्ल्यातून रोज एक नाणे उचलणारा घरचाच नोकर आहे.

हे कसे घडते ते पाहू. दात भिंतीत ठोकलेल्या खुंटीप्रमाणे हाडात रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचे बंधन असते, आणि वरून हिरडीचा कंठा घट्ट बसलेला असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीकशी खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली 1 ते 3 मिलिमीटर असते. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांवर जंतूंचा एक चिकट लेप जमू लागतो. जिभेचे टोक दातांच्या मागील बाजूस फिरविले असता जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा लेप. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. तो हिरडीच्या कडेशी साचून राहिला म्हणजे हिरडी लाल होते, सुजते, आणि ब्रश किंवा काडी लागताच रक्त येते. लाळेतील क्षार त्यात मिसळून काही दिवसांत तोच लेप दगडासारखा कठीण होतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. किटणाच्या खडबडीत पृष्ठावर नवा लेप अधिकच जमतो. कित्येकांच्या तोंडात ही सूज पुढे खोल उतरते, तंतूंचे बंधन तुटते, खाचेचा खोल खिसा बनतो, आणि हाड झिजू लागते. ज्यास जुने लोक पायोरिया म्हणत, तो हाच. सूज केवळ हिरडीपुरती असेल तर ती पूर्णपणे बरी होते. एकदा गेलेले हाड मात्र सामान्यतः परत येत नाही. सर्व प्रश्नाचे मर्म या दोन वाक्यांत आहे.

या लेपातील जीव प्रथम पाहणारा मनुष्य आपल्याच जातकुळीचा, म्हणजे धंद्याने कापडाचा व्यापारी होता, ही गोष्ट वाचून मला विशेष आनंद झाला. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी फान लेवेनहूक हा कापडाचा पोत तपासण्याच्या भिंगापासून प्रारंभ करून सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचला. 1683 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहून आपल्या दातांवरील पांढऱ्या मळात वळवळणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन कळविले. तो स्वतः रोज मिठाने दात घाशीत असे. ज्या वृद्ध माणसाने जन्मात दात स्वच्छ केले नव्हते, त्याच्या तोंडातील मळात त्यास जीवांची अफाट दाटी आढळली.

हा मळच रोगाचे कारण, की तो केवळ रोगाचा सोबती, हे सिद्ध होण्यास मात्र आणखी पावणेतीनशे वर्षे लागली. 1965 साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 व्यक्तींस दात घासण्याचे सर्वस्वी बंद करावयास सांगितले. 10 ते 21 दिवसांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू करताच सुमारे आठवड्यात त्या पूर्ववत् झाल्या. प्रयोग इतका साधा की घरीही करून पाहता यावा, आणि निर्णय इतका स्पष्ट की त्यावर वाद उरू नये.

परंतु ज्यांनी आयुष्यात कधीच दात नीट घासले नाहीत त्यांचे पुढे काय होते? याचे उत्तर आपल्या शेजारच्या श्रीलंकेत मिळाले, आणि माळव्याच्या खेड्यांचा विचार करताना मला ते सर्वांत उपयोगी वाटते. तेथील चहामळ्यांतील 480 पुरुष मजुरांच्या दातांची तपासणी 1970 ते 1985 या काळात लो यांच्या मंडळींनी पुनःपुन्हा केली. या मजुरांस दंतवैद्य ठाऊक नव्हता आणि ब्रशही ठाऊक नव्हता. सर्वांच्या दातांवर मळ आणि किटण होते आणि सर्वांच्याच हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही सर्वांची गती एक नव्हती. सुमारे 8 टक्के मजुरांत रोग भयंकर वेगाने वाढला. त्यांचे पस्तिसाव्या वर्षापर्यंत सरासरी 12 दात गेले, चाळिसाव्यापर्यंत 20 गेले, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तोंडात काही उरले नाही. सुमारे 81 टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सरासरी 7 दात गेले. उरलेल्या 11 टक्क्यांत तो सुजेच्या पलीकडे गेलाच नाही.

या आकड्यांनी माझ्या एका जुन्या शंकेचे निरसन झाले. आपल्यातील पुष्कळ जण सांगतात की आमच्या आजोबांनी कधी ब्रशला हात लावला नाही, आणि ऐंशीव्या वर्षी ते ऊस सोलून खात. आजोबा त्या 11 टक्क्यांतील होते! त्यांच्या शेजारी त्याच वयाचे जे बोळक्या तोंडाचे आठ-दहा आजोबा होते, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. (जाता जाता मनात आलेली एक गोष्ट लिहून टाकतो. त्या मजुरांचे दात पंधरा वर्षे मोजले गेले आणि जगाच्या ज्ञानात मोठी भर पडली. त्या ज्ञानाचा त्यांच्या पदरात काय लाभ पडला, हे विचारल्यावाचून राहवत नाही.)

आपल्या देशाची स्थिती काय आहे? भारतीय दंत परिषदेने 2002-03 साली राष्ट्रव्यापी पाहणी केली. तीत 35 ते 44 या वयोगटात हिरड्यांचा कोणता ना कोणता विकार असलेल्यांचे प्रमाण 89.6 टक्के आढळले. यात साध्या रक्तस्रावापासून आणि किटणापासून खोल खिशांपर्यंत सर्व पायऱ्या आल्या, हे ध्यानात ठेवावे. दहांपैकी नऊ जणांचे दात पडणार असा त्याचा अर्थ नव्हे. परंतु दहांपैकी नऊ जणांच्या दारात रोग उभा आहे, हा अर्थ नक्कीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात जगभरात या रोगाच्या तीव्र अवस्थेतील लोकांची संख्या सुमारे 100 कोटी सांगितली आहे.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. दात स्वच्छ करण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती, असे मुळीच नाही. सुश्रुताने मुखरोग 65 सांगितले असून त्यांतील 15 केवळ दंतमुळांचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. ज्यात हिरड्या मऊ पडून अकस्मात रक्त वाहते तो शीताद, आणि ज्यात पू-रक्त येऊन दात हलू लागतात तो दंतवेष्ट. किटणास त्याने दंतशर्करा हे नाव दिले आहे. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठी नसलेली असावी, येथपर्यंत त्याचे बारकावे जातात. कडू काड्यांत निंब श्रेष्ठ आणि तुरटांत खैर श्रेष्ठ, असाही त्याचा निर्वाळा आहे. घट्टिया, तराना, महिदपूर या बाजूस आजही पहाटे ओसरीवर बसून निंबाची वा बाभळीची काडी चावणारे वृद्ध दिसतात.

काडीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. ताज्या निंबाच्या काडीचा कुंचला मऊ होईपर्यंत चावून तो हिरडीच्या कडेने सावकाश फिरविला, तर ती उत्तम काम करते. अडचण दोन ठिकाणी येते. काडी समोरच्या दातांवर सहज चालते, पण दाढांच्या आतील बाजूस, जिभेकडे, ती पोहोचत नाही. आणि किटण सर्वांत अधिक साचते ते खालच्या समोरील दातांच्या आतील अंगास आणि वरच्या दाढांच्या गालाकडील अंगास, कारण लाळग्रंथींची तोंडे तेथेच उघडतात. दुसरी अडचण घाईची आहे. शेतावर जाता जाता काडी तोंडात धरून चालणारा मनुष्य ती चावतो खरा, घाशीत मात्र नाही.

काडी मागे पडली तेथे राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड, मीठ, आणि पुड्यांतील तांबडे-काळे मंजन आले, आणि ते बोटाने लावण्याची रीत पडली. बोट हे गुळगुळीत पृष्ठ आहे. दातांच्या फुगीर भागावर ते फिरते, हिरडीच्या खाचेत आणि दोन दातांच्या फटीत ते शिरत नाही. मळ राहतो तो नेमका तेथेच. शिवाय राख, कोळसा आणि विटकर यांचे कण खरखरीत असल्याने दाताचे लुकण झिजते आणि पुढे थंड पाणी झोंबू लागते. मंजन चांगले की वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. ते कशाने लावतो, हा प्रश्न पहिला आहे.

येथे आपल्या समाजातील एका जुन्या संकोचाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. आमच्या घरी आजीच्या काळी ब्रश हा शब्द निघताच तोंड वाकडे केले जाई. तो संकोच निराधार नव्हता, कारण पूर्वीचे विलायती ब्रश खरोखरच डुकराच्या राठ केसांचे असत. 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश प्रथम विक्रीस आला, आणि आज बाजारात मिळणारा सर्वसाधारण ब्रश नायलॉनचाच असतो. आक्षेपाचे कारण गेले, तरी कित्येक वृद्धांच्या मनात आक्षेप तेवढा शिल्लक राहिला आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि तो मला आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी विचारला. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत अदंतधावन हा एक आहे; मग दात घासण्याचा एवढा आग्रह श्रावकाने का धरावा? मी पंडित नाही. परंतु त्याच मूलगुणांत दिवसातून एकदाच, तेही उभ्याने आहार घेणे हेही सांगितले आहे. ती सर्वत्यागाची चर्या आहे आणि ती अखंड आहे. दिवसातून चार वेळा चहा, दोन वेळा सेव आणि जेवणानंतर सुपारी घेणाऱ्या आपण गृहस्थांनी तीतील एकच नियम सोयीने उचलावा, हे मला युक्त दिसत नाही.

आता तंबाखूविषयी. हे लिहिताना लेखणी अडखळते, कारण आपल्या सभासदांपैकी काहींच्या दुकानांत तंबाखू, सुपारी आणि पानमसाला विकला जातो. तरी लिहिले पाहिजे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतातील 28.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते, आणि 21.4 टक्के ती चघळून, चोळून वा दातांस लावून घेत होते. मध्य प्रदेशात एकूण प्रमाण 34.2 टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून बरेच अधिक होते. चुना लावून चोळलेली तंबाखू ज्या गालफडात धरतात, तेथील हिरडी हळूहळू खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. विडी-सिगारेटचा प्रकार त्याहून फसवा आहे. धूम्रपानाने हिरडीतील रक्तप्रवाह मंदावतो आणि रोग आत वाढत असूनही रक्त कमी येते. म्हणजे धोक्याची जी एकच घंटा निसर्गाने ठेविली होती, तीही मुकी होते. सुपारीचा दोष तर स्वतंत्रच आहे. तिच्यामुळे गालांचा आतील भाग कठीण होऊन तोंड उघडेनासे होते, आणि 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक ठरविले आहे.

महाराष्ट्रात ज्यांचे सोयरसंबंध आहेत त्यांनी मशेरी पाहिलीच असेल. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने लावतात. प्रारंभी हिरडी बधिर होते, ठणका थांबल्यासारखा वाटतो, म्हणून ती औषध समजली जाते, आणि पुढे दिवसातून चार वेळा लागते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि पेस्टवर केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली. एका उत्पादकाने तिला आव्हान दिले, तेव्हा 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. गुटख्यावर बंदी घालणारे पहिले राज्य म्हणजे आपले मध्य प्रदेशच होय. ती 1 एप्रिल 2012 पासून अमलात आली. त्यानंतर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी, अशी जोडविक्री कशी सुरू झाली, ते बाजारात बसणाऱ्यांस मी सांगावयास नको.

एक विकार असा आहे की तो गादीवर बसणाऱ्या आपणांस खेड्यातील माणसापेक्षा अधिक जवळचा आहे. तो म्हणजे मधुमेह. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे 10 कोटी 10 लक्ष मधुमेही आहेत. साखर ताब्यात नसलेल्या माणसाच्या हिरड्या लवकर नासतात, आणि नासलेल्या हिरड्यांची सूज उलट साखर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरी तपासणीचा अंक सुमारे 0.4 ने उतरतो, असे अनेक प्रयोगांच्या एकत्र परीक्षणातून दिसून आले आहे. मधुमेहाची औषधे नियमाने घेणारे आमचे कित्येक बंधू वर्षानुवर्षे दंतवैद्याकडे फिरकत नाहीत. त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. गर्भवती भगिनींच्या हिरड्यांतूनही रक्त अधिक येते. तो शरीरातील बदलाचा परिणाम असतो, आणि त्या काळात घासणे सोडून देणे ही चूक होय.

रक्त दिसले की घासणे बंद करावयाचे, ही चूक तर सार्वत्रिक आहे. रक्त घासण्याने येत नाही, मळाने येते. मऊ ब्रशाने नीट घासणे चालू ठेविल्यास साध्या सुजेचे रक्त एक-दोन आठवड्यांत थांबते. न थांबल्यास आत किटण आहे असे समजून दंतवैद्य गाठावा.

रीत अवघड नाही. ब्रश मऊ घ्यावा. दातावर आडवा न धरता हिरडीच्या कडेकडे सुमारे 45 अंश कलता धरावा, म्हणजे तंतूंची टोके खाचेत शिरतात. तेथे अगदी लहान हालचाल करून मग ब्रश दाताच्या टोकाकडे ओढावा. ही पद्धत अमेरिकन वैद्य चार्ल्स बास यांनी 1940 च्या दशकात प्रचारात आणिली आणि ती आजही शिकविली जाते. आरशासमोर घासल्यास आतील बाजू चुकत नाहीत. दोन मिनिटे पुरतात, पण ती खरोखरीची दोन मिनिटे असावीत. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात उरकतात, आणि जोर मात्र भांडी घासल्यासारखा लावतात. त्याने दात झिजतात आणि मळ जेथल्या तेथे राहतो. तंतू वाकडे झाले की, साधारणपणे तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा. एक ब्रश दोघांनी वापरू नये. हे लिहिण्याचे कारण असे की मी ज्यांना विचारले त्यांतील एका घरी पाच माणसांत एकच ब्रश होता.

दिवसातून दोनदा घासावे, आणि त्यांतील एक वेळ निजण्यापूर्वीची असावी, असे शास्त्र सांगते, कारण निद्रेत लाळ कमी सुटते आणि जंतूंस मोकळे रान मिळते. चौविहार पाळणाऱ्या आपल्या कुटुंबांत येथे अडचण येते, कारण सूर्यास्तानंतर पाणीही तोंडात घ्यावयाचे नसते. मी यावर पुष्कळ विचार केला आणि दंतवैद्यांसही विचारले. उत्तर सोपे निघाले. सायंकाळचे भोजन आटोपल्यावर, सूर्यास्ताच्या आतच, पूर्णपणे दात घासावेत. त्यानंतर रात्रभर तोंडात काहीच जात नसल्याने चौविहारी मनुष्याची स्थिती रात्री दहाला मिठाई खाऊन निजणाऱ्यापेक्षा उलट चांगलीच असते. उपवासाच्या दिवसांत अन्न नसले तरी मळ जमतोच. ज्यांस पेस्ट वर्ज्य वाटते त्यांनी नुसत्या ओल्या ब्रशाने घासले तरी हिरड्यांचे काम भागते. पेस्टमधील फ्लोराइड किडीपासून रक्षण करते आणि फेस सोय करून देतो. मळ मात्र ब्रशच काढतो.

आता उपचाराची भीती. किटण काढल्याने दात ढिले होतात, ही समजूत खेड्यांतच नव्हे तर आपल्या सुशिक्षित घरांतही ठाण मांडून आहे. खरा प्रकार असा की ज्या दाताचे हाड आधीच गेले आहे, त्यास किटणाचा दगड सिमेंटासारखा धरून ठेवीत असतो. तो काढला म्हणजे मुळातील ढिलेपणा उघडा पडतो, आणि फटीही दिसू लागतात. सूज उतरल्यावर पुष्कळदा दात पूर्वीपेक्षा घट्ट होतात. दरवर्षी निदान एकदा तपासणी करून घ्यावी, आणि मधुमेही व तंबाखू खाणारे यांनी सहा महिन्यांनी करावी. इंदूर येथे 1961 पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. आपल्या शहरापासून ते सुमारे 55 किलोमीटरांवर आहे, आणि शासकीय संस्थेतील खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. दाताची आणि हिरड्यांची व्यवस्था सरकारी रुग्णालयांत व्हावी म्हणून केंद्र सरकारने 2014 साली राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रमही आखला. अडचण पैशाची आहेच, पण त्याहून अधिक ती दिवसाची आहे. मजुरी बुडवून, बस बदलून, न दुखणाऱ्या रोगासाठी शहरात जावयास कोण तयार होईल? खेड्यातील मनुष्य दात दुखेल तेव्हाच येतो, आणि तोवर काढण्यावाचून उपाय राहिलेला नसतो.

म्हणून मला असे वाटते की या कामी मंडी ही जागा दवाखान्यापेक्षाही सोयीची आहे. शेतकरी तेथे स्वतःहून येतो, तासन् तास थांबतो, आणि आपले म्हणणे ऐकतो. दिवाळीत मुहूर्ताच्या वेळी आपण जुन्या गिऱ्हाइकांस दिनदर्शिका आणि पिशव्या देतो. त्या पिशवीत घरातील माणसांच्या संख्येइतके मऊ ब्रश घातले तर पेढीवर फारसा बोजा पडणार नाही. हंगामात एक दिवस दंतवैद्यास मंडीत बसविणे, हमालांच्या तपासणीस सुटी न कापता वेळ देणे, हे संस्थेच्या आवाक्यातील आहे. आमच्या पेढीने मागील दिवाळीस ब्रश वाटले. काहींनी ते आनंदाने नेले, आणि एका वृद्ध पाटलाने हा आता आमच्या म्हशीचे दात घासावयास सांगतो की काय, असे विचारून सर्वांस हसविले.

तो 42 वर्षांचा शेतकरी अखेर इंदूरला जाऊन आला. एकदा नव्हे, चार वेळा जावे लागले. डाव्या बाजूच्या दोन दाढा वाचल्या नाहीत. बाकीचे दात साफ करून खिशांवर उपचार झाले, आणि तंबाखू त्याने सोडली असे तो सांगतो. या हंगामात तो आला तेव्हा वजन होण्यापूर्वीच त्याने हरभऱ्यांची वाटी जवळ ओढून घेतली आणि उजव्या बाजूने सावकाश चावीत बसला. सोबत त्याचा थोरला मुलगा होता, वय अवघे 19. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून दोन पुड्यांची टोके डोकावत होती. बापाचे लक्ष नव्हते. मुलाशी बोलणे अद्याप व्हावयाचे आहे.